बारमाही

दिवाळीत माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याची एक निराशा ठरलेली असते. फराळाची बशी बाजूला ठेवून तो म्हणतो, "चला, तुमचे गुलाब दाखवा," आणि मी त्याला जिना चढवून गच्चीवर नेतो. तिथे अकरा कुंड्यांत हातभर उंचीचे काटेरी सोट उभे असतात. कापल्या जागी बोर्डो मलमाचे निळसर ठिपके, आणि कुठे कुठे तांबूस कोंब नुकताच डोळा उघडत असलेला. फूल एकही नाही. पुण्यात पाऊस ओसरला की कोजागिरीच्या आगेमागे गुलाब छाटावे लागतात आणि छाटणीपासून फूल हाती यायला सहा-सात आठवडे जातात. त्यामुळे ज्या सणाला घरोघर फुलांची मागणी, त्याच सणाला माझी बाग उघडीबोडकी. पाहुणा सभ्य असला तर "निगा छान ठेवलीय" म्हणतो. माझ्या आठ वर्षांच्या नातीने मात्र गेल्या खेपेला सरळ विचारले, "आजोबा, तुम्ही यांना शिक्षा केलीय का?"

"अगं, शिक्षा कसली! विश्रांती दिलीय," मी म्हणालो. उत्तर चटकन आले. इतके चटकन आलेले उत्तर बहुधा आधीच कुठेतरी स्वतःसाठी तयार करून ठेवलेले असते, हे मला या वयात कळू लागले आहे.

या अकरांपैकी एका झुडपाबद्दल मला लिहायचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी ते आणले. त्याला नावाची चिठ्ठी नव्हती. झुडूप आटोपशीर, गुडघ्याच्या वर कधी न जाणारे. फूल मात्र असे, की आपण कुणाच्या तरी पणजीचे चित्र पाहत आहोत असे वाटावे. आजचा दुकानी गुलाब निमुळता, टोकदार, ताठ मानेचा असतो. हे फूल वाटीसारखे उघडते, मग बशीसारखे पसरते, आणि आतल्या पाकळ्या चार वाट्यांत विभागून लुगड्याच्या निऱ्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. रंग फिका गुलाबी, मध्याशी जर्दाळूची छटा. वास थेट लहानपणीचा, गुलकंदाच्या बरणीचे झाकण काढल्यावर यायचा तो. मी किंमत विचारण्याआधीच रोपवाटिकेचा मालक म्हणाला, "साहेब, जुन्या वळणाचा आहे, पण बारमाही. थांबायचं नावच घेत नाही."

थांबायचे नाव घेत नाही, ही शिफारस होती. मीही ती शिफारस म्हणूनच ऐकली आणि अडीचशे रुपये मोजले.

त्या वाक्यात किती मोठा इतिहास दडला आहे हे मला नंतर वाचनात कळले. रानातला गुलाब बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच फुलतो. युरोपातले जुने बागायती गुलाबही तसेच होते. वसंताच्या शेवटी तीन-चार आठवडे नुसता जल्लोष, मग अकरा महिने पाने आणि काटे. शरदात पुन्हा चार फुले टाकणारा एक दमास्क गुलाब तेवढा अपवाद होता, आणि त्या चार फुलांसाठी त्याचे केवढे कौतुक! अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब युरोपात पोचले. चिनी माळ्यांनी ते शतकानुशतके जोपासले होते. देखणेपणात ते युरोपीय गुलाबांपुढे किरकोळच होते, पण ते फुलायचे थांबत नसत. त्यांतली काही रोपे कलकत्त्याच्या वाटेने गेली, म्हणून फ्रेंच माळी त्यांना कितीतरी वर्षे बंगालचे गुलाबच म्हणत राहिले. मग पुढची शंभर वर्षे युरोपातल्या माळ्यांनी एकच ध्यास घेतला. जुन्याचे रूप आणि चिनी गुलाबाची अखंडता एका झाडात आणायची. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, कुंपणाला लावलेल्या दोन गुलाबांनी हे काम माळ्याच्या मदतीशिवायच १८१७ च्या सुमारास उरकून टाकले होते, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पण एकंदरीत अखंडतेचे वेड इतके वाढले, की जुने रूप मागे पडले आणि विसाव्या शतकात टोकदार कळीच्या, सदा हजर, पुष्कळदा निर्गंध अशा गुलाबाचे राज्य आले.

मग इंग्लंडमधल्या डेव्हिड ऑस्टिन या माणसाला उलटे वेड लागले. त्याला जुन्या गुलाबाचा चेहरा परत हवा होता. १९६१ साली त्याचा पहिला गुलाब बाजारात आला. 'कॉन्स्टन्स स्प्राय' हे त्याचे नाव. एक आई-बाप जुन्या जातीचा, दुसरा आधुनिक, बारमाही. फूल अगदी हवे तसे आले, पण ते वर्षातून एकदाच! पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा संकर करत १९६९ मध्ये त्याने जुन्या चेहऱ्याचे आणि वारंवार फुलणारे गुलाब लोकांपुढे ठेवले. माझे झुडूप त्याच घराण्यातले, किंवा त्याची कुणी केलेली नक्कल. आपल्याला पणजीचा चेहरा हवा असतो, पणजीची रीत नको असते. वर्षभर वाट पाहायला लावणारी पणजी कुणाच्या गच्चीवर टिकणार?

झुडपाने रोपवाटिकेच्या मालकाचा शब्द खरा केला. रोज सकाळी मी सिकेटर घेऊन वर जाई. कोमेजलेले फूल दिसले की खाली उतरत पाच पर्णिकांचे पहिले धड पान गाठायचे आणि त्याच्या वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर तिरका काप द्यायचा. सहा आठवड्यांत तिथून नवी फांदी आणि तिच्या टोकाला नवे फूल. भुरी आली तर गंधक, खवले कीड आली तर जुना दातांचा ब्रश. या कामाला मी कधी काही विशेष समजलो नाही. मुलीचे केस विंचरावेत तसे ते होते.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, माझ्या मुलीला दिवस गेले. ती बंगळूरला. माझ्या पत्नीच्या पाठीचे दुखणे तेव्हा विकोपाला गेलेले. घरात कुणी बोलूनही दाखवले नाही इतके हे गृहीत होते, की अक्का जाईल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, अक्का सतरा. तेव्हापासून आमच्या घरात कुणाचे बाळंतपण, कुणाची परीक्षा, कुणाचा टायफॉइड, कुणाचे मरण, काहीही असो, अक्का हजर. धाकट्या बहिणीची दोन्ही बाळंतपणे तिने केली. माझ्या मुलीला न्हाऊमाखू तिनेच घातले. कचेरीतली नोकरी सांभाळून हे सगळे. लग्न केले नाही. नातेवाइकांत तिच्याबद्दल एक वाक्य ठरून गेले होते, "अक्काच्या तोंडून कधी नाही ऐकलं नाही." साठीच्या समारंभात मीच ते भाषणात म्हटले होते आणि टाळ्या पडल्या होत्या.

मी फोन केला. तारखा सांगितल्या. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणालो. अक्का म्हणाली,

"नाही रे. मी जाणार नाही."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठीक आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला जायचं नाही."

ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती. शहात्तर वर्षांच्या बाईला बंगळूरला जाऊन तान्ह्या मुलाची रात्रीची जागरणे करायला सांगण्यात काही वावगे आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही. मला राग आला. नुसता राग नव्हे, फसवणूक झाल्यासारखे वाटले. जवळजवळ दोन महिने मी तिला फोन केला नाही. बंगळूरला आम्ही एक बाई पगारावर ठेवली, आणि सांगायला हरकत नाही, सगळे उत्तम पार पडले.

याच सुमारास माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, घरी आला. तो वनस्पतिशास्त्र शिकवतो. गच्चीवर चहा घेता घेता मी त्या झुडपाची फुशारकी मारली, की बघ, दहा महिने फुलतो, थांबत नाही. तो हसला. "मामा, तो थांबत नाही असं नाही. त्याला थांबता येत नाही."

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात एक जनुक असते, ज्याचे काम फुलण्याला आवर घालणे हे आहे. वसंत सरला की ते म्हणते, आता पुरे, आता नुसते वाढा. मग झाड लांबच लांब फांद्या टाकते, कुंपण चढते, उंच होते आणि पुढच्या वर्षी त्या फांद्यांवर फुलते. चिनी गुलाबात फार पूर्वी कधीतरी या जनुकाच्या मध्येच एक परका तुकडा येऊन घुसला आणि ते निकामी झाले. जपानी आणि फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे बारमाही गुलाबाला फुलण्याची काही जादा शक्ती मिळालेली नाही. त्याचा आवर गेला आहे, इतकेच. प्रत्येक फांदी निघाली, की जरा वाढून तिचे टोक फूल होऊन संपते. जी फांदी फुलात संपते ती पुढे वाढत नाही. म्हणून असे झाड बुटके राहते. मी ज्याला आटोपशीरपणा म्हणून मिरवीत होतो तोही त्याच नुकसानीचा दुसरा चेहरा होता. आणि कधी कधी, भाचा म्हणाला, तो घुसलेला तुकडा जवळजवळ सगळा निघून जातो, जनुक पुन्हा कामाला लागते. माळ्याला एके दिवशी दिसते, की बुटक्या झुडपाची एक फांदी न फुलताच उंच उंच निघाली आहे.

"आणि हे आवर घालणारं जनुक मोठं जबरदस्त असतं," तो पुढे म्हणाला. "आई-बापांपैकी एकाकडून जरी शाबूत मिळालं, तरी पुरतं." ऑस्टिनचा पहिला गुलाब एकदाच का फुलला, ते मला तेव्हा उमगले.

भाचा चहा पिऊन गेला. मी मात्र त्या माहितीला असा चिकटलो, की काही विचारू नका. कारण माझ्या रागाला तिने एक तत्त्वज्ञान मिळवून दिले. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला चांगुलपणा म्हणावे काय?

प्रश्न जुना आहे आणि आपल्याकडे तो गोष्टींत विखुरलेला आहे. कर्णाला आपण दानशूर म्हणतो. कल्पवृक्षाला कुणी दानशूर म्हणत नाही. कल्पवृक्ष मागेल ते देतो, पण देणे हा त्याचा नाइलाज आहे. त्याच्याखाली बसून वाघाचा विचार केला तर तो वाघही देतो, ही लहानपणी ऐकलेली गोष्ट त्याच्या उदारपणाची नसून आंधळेपणाची आहे. कर्णाचे तसे नाही. सूर्याने स्वप्नात येऊन त्याला बजावले होते, की ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येईल, कवचकुंडले मागेल, देऊ नकोस. कर्णाला काय जाणार ते ठाऊक होते. बदल्यात त्याने शक्ती मागून घेतली हेही खरे, पण नकार त्याच्या हातात होता आणि तो त्याने वापरला नाही. म्हणून ते दान. कांटने १७८५ साली जवळपास हेच फार कठोरपणे म्हटले. स्वभावानेच दयाळू असलेला माणूस दया करतो तेव्हा ते कृत्य गोड असते, पण त्याला खरी नैतिक किंमत नसते. किंमत कर्तव्य ओळखून केलेल्या कृत्याला. मला हे कधीच पुरते पटले नव्हते. दात-ओठ खाऊन माझी सेवा करणाऱ्यापेक्षा सहज करणारा माणूस माझ्या उशाशी असावा, असे कुणालाही वाटेल. स्वभावात मुरलेला चांगुलपणा हा कमी चांगुलपणा कसा? पण त्या दिवसांत कांट मला सोयीचा होता.

सोय अशी: अक्काने पन्नास-साठ वर्षे जे केले ते तिच्या हातात नव्हते. आमच्या पिढीच्या मुलींना वाढवतानाच त्यांच्यातला तो नकार मोडून टाकलेला होता. ती बिचारी फुलत राहिली. मग तिचे आभार कसले मानायचे? तिचा नकार तेवढा तिचा स्वतःचा, आणि तो तिने माझ्याच वाट्याला आणावा! या युक्तिवादात मी एका दगडात दोन पक्षी मारत होतो. तिचे ऋण फिटत होते आणि माझा राग शाबूत राहत होता. आता लिहिताना लाज वाटते, पण कित्येक रात्री मी या विचारावर शांत झोपलो.

२०१८ ची छाटणी उरकून आठवडा झाला असेल. मी जिन्यावरून पडलो आणि मांडीचे हाड मोडले. चार महिने गच्ची बंद. कामाला येणारा मुलगा कुंड्यांना पाणी घाली, कधी मूठभर निंबोळी पेंड टाकी. सिकेटर चालवणे त्याला येत नव्हते आणि मी शिकवले नाही. कुणीतरी माझ्या झाडांना चुकीचे कापण्यापेक्षा न कापलेले बरे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि अक्का दारात. मी बोलावले नव्हते. मुलगा झाला का, काय झाले, दुखते का, असले काही न विचारता ती खुर्ची ओढून बसली, वर्तमानपत्र उघडले आणि अग्रलेख वाचून दाखवू लागली. सहाला उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ते सहा. असे चार महिने. रविवारी येत नसे. एकदा भिशीसाठी आली नाही आणि तसे आदल्या दिवशी सांगून गेली. तिने माझे अंग पुसले नाही, भात मऊ करून दिला नाही, रात्री राहिली नाही. पूर्वी हे सगळे तिने केले असते. आता ती फक्त दोन तास येऊन बसे. सहा वाजता ती पर्स उचलू लागली, की "अजून थोडी बस" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत येत आणि तिथेच राहत. ही बाई नाही म्हणू शकते, हे आता मला माहीत होते. त्यामुळे ती दारात दिसली की रोज काहीतरी मिळाल्यासारखे वाटे. पन्नास वर्षे तिला येताना पाहत होतो, पण असे कधी वाटल्याचे मला आठवत नाही.

मार्चअखेर काठी टेकत मी गच्चीवर गेलो. अक्का मागे होती. त्या झुडपाकडे मी पाहतच राहिलो. त्यावर फूल नव्हते. खालच्या अंगाला दोन कळ्या होत्या, नाही असे नाही, पण झाड जणू दुसऱ्याच कामात गुंतले होते. जुन्या फुलांच्या जागी सुपारीएवढी चार फळे धरली होती, दोन हिरवट, दोन नारिंगी. इतकी वर्षे गुलाब लावतो आहे, पण माझ्या बागेत गुलाबाचे फळ मी पाहिले नव्हते. पाहणार कसे? फळ धरायच्या आतच मी रोज सकाळी वर जात होतो.

म्हणजे भाच्याने सांगितलेले खरे होते, पण अर्धे. मी फोन करून त्याला विचारले. तो म्हणाला, "अर्थात! फळ धरलं की झाडाचा जोर तिकडे जातो, फुलं कमी होतात. म्हणून तर तुम्ही वाळलेली फुलं काढता ना, मामा?" म्हणून तर मी काढत होतो. निसर्गाने त्याचा आवर काढून घेतला होता, हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. पण उरलासुरला थांबा मी स्वतःच्या हाताने रोज काढून टाकत होतो, तो माझ्या हिशेबातच नव्हता.

आणि मग ते पत्र आठवले. आठवले म्हणणे खोटे आहे. ते कधी विसरलोच नव्हतो.

अक्का १९६१ साली बी. ए. झाली. बडोद्याला पुढे शिकायला जायचे ठरले होते, ट्रंकही आणली होती. १२ जुलैला पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठेत आमचे घर आणि वडिलांचे पुस्तकबांधणीचे दुकान; कागदाचा नुसता लगदा झाला. अक्का राहिली आणि नोकरीला लागली. त्यात कुणाचा दोष नव्हता. पण १९६५ मध्ये घर पुन्हा उभे राहिले होते आणि बडोद्याहून पुन्हा पत्र आले होते. जागा होती, थोडी शिष्यवृत्तीही होती. मी सोळा वर्षांचा. शालान्त परीक्षेचे वर्ष. मी जेवणाच्या पाटावर म्हटले, "यंदा माझं वर्ष आहे." एवढेच. वडील काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी अक्काने एक पाकीट माझ्या हातात दिले, "शाळेत जाताना टाक." पाकिटावर बडोद्याचा पत्ता होता. आत काय असणार हे मला ठाऊक होते. कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीपाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. मग टाकले.

बाईमाणसाच्या आयुष्याची फुलाफळांशी तुलना करण्याचा आपल्या साहित्याला जुना आणि वाईट चाळा आहे, आणि अक्काला तो मुळीच खपत नाही. म्हणून गच्चीवर मी तिला झुडपाचे काही सांगितले नाही. सरळ पत्राचेच बोललो. म्हणालो, "तुला नाही म्हणताच येत नव्हतं आणि मी त्याचा फायदा घेतला." माझा आवाज जड झाला होता. खरे सांगायचे तर तो जड झालेला मला आवडलाही होता.

अक्का कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली,

"येत होतं की. बडोद्याला नाहीच तर म्हटलं मी त्या पत्रात."

मी गप्प.

"बाबा थकले होते. तू घाबरलेला होतास. मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं. रडले पण. ते माझं मी ठरवलं होतं. आता म्हातारपणी तू म्हणणार, की तिला बिचारीला काही कळत नव्हतं, आम्हीच सगळं तिच्याकडून करून घेतलं. तेवढं तरी माझं राहू दे ना!"

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"असं कुठं म्हटलं मी?" ती म्हणाली. "चुकलंच तुझं. एकदा तरी विचारायचं होतंस, जायचंय का म्हणून."

इथे माझे तत्त्वज्ञान संपले. तिला नकार येतच नव्हता म्हणावे, तर तिचे सारे देणे मी तिच्या नावावरून खोडून टाकतो. येत होता म्हणावे, तर मी सुटतो. आणि तीच म्हणते, तू सुटत नाहीस. दोन्ही खरे कसे असू शकते याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. कर्णाच्या गोष्टीत मागणारा इंद्र होता आणि इंद्राच्या दोषाने कर्णाचे दान उणे होत नाही, इथपर्यंत मी पोचलो आहे. पण इंद्राने पुढे काय करायचे, ते त्या गोष्टीत नाही.

अक्काने ती चार फळे हाताने खुडली आणि रुमालात बांधली. तिला बी लावून पाहायचे होते. भाच्याने सांगितल्याप्रमाणे बिया ओल्या कागदात गुंडाळून तिने फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी अडीच महिने ठेवल्या आणि जूनमध्ये पेरल्या. तेवीस बियांतली एक उगवली. बारमाही गुलाबाचे बी असेल तर दोन-तीन महिन्यांच्या इवल्याशा रोपालाही कळी येते, असे भाचा म्हणाला होता. आम्ही वाट पाहिली. कळी आली नाही. रोप मात्र तिच्या कोथरूडच्या बाल्कनीत गज धरून चढू लागले, पुढच्या पावसाळ्यात छतापर्यंत गेले. माझ्या गच्चीवर शेजारच्या कुंडीत वरचा डोळा मेलेला आणि नुसता खुंटच वाढलेला एक गुलाब आहे, त्याला वर्षातून एकदाच फुले येतात. पराग तिथलेच असतील, असा भाच्याचा तर्क. शेजाऱ्यांनी अक्काला सांगून पाहिले, की याला नुसते काटेच आहेत, काढून टाका, जागा तरी होईल. तिने ते काढले नाही. छाटतही नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी बंगळूरला नातीकडे होतो. परत आल्यावर अक्काकडे गेलो तर बाल्कनीत खाली वाळलेल्या पाकळ्या पडल्या होत्या. बारा दिवस फुलले होते म्हणे, सगळ्या वेलाला एकदम. साधे, पाच-सात पाकळ्यांचे, फिके गुलाबी.

"फोन नाही का करायचा?"

"तू नातीत रमला होतास," अक्का म्हणाली.

त्यानंतरच्या दोन्ही वर्षी मला तो बहर गाठता आला नाही. एकदा मी आजारी होतो, एकदा तो लवकर येऊन गेला. यंदा भाऊबीजेला तिच्याकडे जाईन तेव्हा त्या वेलावर नुसती पानेच असतील. गेल्या वर्षी त्याची एक फांदी खुर्चीच्या पाठीत शिरली होती आणि माझा नवा सदरा अडकला. अक्काने फांदी कापली नाही. खुर्ची आत ओढली आणि तिथे बसून मला ओवाळले.